उघड्या माळावरचा संसार

घरटे म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो बाभळीला लटकलेला सुगरणीचा खोपा, नाहीतर भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणीने कोंबलेले गवत. पण जिथे दूरवर धड झाड नाही, सावली नाही, तिथल्या पाखरांनी संसार मांडायचा कुठे? हे पाहायला थेट राजस्थानच्या वाळवंटात जायला नको. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा माळ त्या वाळवंटाचाच चुलतभाऊ आहे. तिथले बरेचसे पक्षी घरटे बांधतच नाहीत!

टिटवीचेच पाहा. मुरमाड जमिनीत पायाने उकरलेला बशीएवढा खळगा, कडेला चार खडे, झाले घर. त्यात मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी. ती इतकी खड्यांसारखी दिसतात की हातभर अंतरावरूनही ओळखू येत नाहीत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ, असा अंदाज जुने शेतकरी बांधतात. अंदाज खरा ठरो न ठरो, त्या निमित्ताने अंड्यांकडे कुणाचे तरी लक्ष असते. धाविक पक्षी तर खळगाही नीट करत नाही. डोंबारी चंडोल मात्र थोडा हौशी. ढेकळाच्या आडोशाला तो गवताची लहानशी वाटी करतो आणि काठाला खडे मांडतो.

आता प्रश्न उन्हाचा. अंडी उबवायची म्हणजे त्यांना ऊब द्यायची, असे आपण समजतो. मे महिन्यात माळावर नेमके उलटे असते. पारा ४२ अंशांवर जातो, जमीन त्याहून कितीतरी तापते आणि एवढ्या उष्णतेत अंड्यातला जीव टिकत नाही. म्हणून टिटवी भर दुपारी अंड्यांवर छत्रीसारखी उभी राहते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. आपण माठाला ओले फडके गुंडाळतो, तीच युक्ती.

पखुर्डीच्या कुळातले नर याच्याही पुढे गेले आहेत. त्यांची पिल्ले पाणवठ्यापासून लांब, उघड्या रानात वाढतात. बाप पाण्यात बसून पोटाची पिसे स्पंजासारखी भिजवतो, उडत परत येतो आणि पिल्ले ती पिसे चोखून तहान भागवतात. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने १८९६ मध्ये हे लिहिले, तेव्हा अनेक जाणकारांनी ते खरे मानले नाही. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात केलेला अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे शंका फिटली.

ज्यांना जमिनीवर राहणे परवडत नाही ते जमिनीखाली जातात. खोकड अनेक तोंडांचे बीळ करते, म्हणजे एका दारात शत्रू आला तर दुसऱ्याने पळता येते. लांडगीण ओढ्याच्या दरडीत पिल्ले घालते. वेडा राघूही मातीत चोचीने बोगदा कोरतो. थरच्या वाळवंटातला सांडा नावाचा सरडा तर बिळात शिरल्यावर आतून मातीने दार लावून घेतो. वर जमीन भाजत असली तरी हातभर खाली गारवा असतो.

या सगळ्यांत जोखमीचे घर माळढोकाचे. मीटरभर उंचीचा हा पक्षी, नराचे वजन १५ किलोपर्यंत, पण मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सुमारे २७ दिवस ती एकटीच उबवते. नर मदतीला येत नाही. चरणाऱ्या गुरांचा पाय पडला किंवा कुत्र्याने हुंगून काढले की तो हंगाम वाया जाण्याची भीती. तिचे संरक्षण एकच : चहूकडे दूरवर दिसणारी मोकळी जमीन.

आणि नेमकी हीच जमीन आपल्या लेखी ‘पडीक’. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. पण माळावर ठिकठिकाणी गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडेही लावली गेली. झाडे लावणे पुण्याचे काम खरे, पण माळढोकाला झाडी म्हणजे शत्रूला दडायला जागा. त्यात शेती वाढली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढे जड शरीर चटकन वळवता येत नाही. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. साऱ्या देशात ते दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात.

तिथे २०१९ पासून वनखाते आणि भारतीय वन्यजीव संस्था रानातली काही अंडी उचलून जैसलमेर जिल्ह्यातल्या केंद्रात यंत्रात उबवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून जन्मलेले पहिले पिल्लू तिथे अंड्याबाहेर आले. माणसांच्या हातून वाढलेली अशी पिल्ले पुढे सोडायची, तर त्यांच्यासाठी मोकळा माळ लागेल. झाडे न लावलेला, तारा न ओढलेला आणि निदान अंडे उबेपर्यंत गुरे न शिरलेला.