आधी 'ड्राय', आता 'सॉलिड'



परवा तालुक्याला फवारणी पंपाची बॅटरी घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, ही सॉलिड बॅटरी न्या. कापसावर ठेवून चार्ज करा, पेटायची नाही." नेहमीच्यापेक्षा आठशे रुपये जास्त. मी बॅटरी उलटी करून लेबल वाचलं. लिथियम आयन, ११.१ व्होल्ट, बस. 'सॉलिड' हा शब्द फक्त खोक्यावर छापलेला.

घेतली नाही. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. भाव वाढायची वाट बघत आपल्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला असतो आणि त्याच खोलीत रात्रभर पंप चार्जिंगला लावलेला असतो. मागच्या वर्षापर्यंत माझ्याकडंही तसंच होतं. अशा घरात कुणी त्या वाक्यावर विश्वास ठेवला तर काय होईल?

शब्दानं आपण एकदा फसलेलोच आहोत. जुन्या पंपात शिशाची बंद बॅटरी यायची, तिला आपण 'ड्राय' म्हणतो. ती कोरडी कधीच नव्हती. आत अ‍ॅसिडच असतं, फक्त काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं, म्हणून सांडत नाही.

आता 'सॉलिड'चं बघू. लिथियम बॅटरीत दोन बाजू असतात. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसरीकडं जातात, पंप चालवला की परत येतात. ते ज्यातून जातात त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणायचं. आपल्याला मिळणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांत तो पातळ असतो. लिथियमचं मीठ ज्या द्रावणात विरघळवतात ते द्रावणच पेट घेणारं. बॅटरी चेपली, आत शॉर्ट झाली किंवा जास्त चार्ज झाली की तापते, आणि मग तेच पेटतं.

या पातळाच्या जागी घन पदार्थ घालायचा, हे संशोधन खरं आहे आणि मोठं आहे. २००७ साली जर्मनीत गार्नेट जातीचा सिरॅमिक पदार्थ निघाला, त्यातून लिथियम चांगला सरकतो. २०११ साली जपानमध्ये कानो यांच्या गटानं गंधकाचा असा घन पदार्थ शोधला की त्यातून आयन पातळ इलेक्ट्रोलाइटइतकेच जोरात धावतात. म्हणजे वाट सापडली. मग बॅटरी अजून दुकानात का नाही?

पहिली अडचण चिकटण्याची. पेरणी झाल्यावर आपण फळी का फिरवतो? दाण्याला माती भिडली नाही तर ओल असूनही उगवत नाही. पातळ इलेक्ट्रोलाइट पाण्यासारखा सगळीकडं भिडतो, घन भिडत नाही. त्यात चार्ज होताना आतलं साहित्य फुगतं आणि उतरताना आकसतं. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात तशा तिथं फटी पडतात. म्हणून प्रयोगशाळेत असे सेल दाबून धरून चालवतात.

दुसरी अडचण हरळीसारखी. जोरात चार्ज केलं की लिथियम धातूचे बारीक तंतू वाढतात आणि सिरॅमिकला चीर असेल तर तिच्यातून घुसून आरपार जातात. मग शॉर्ट. तिसरी अडचण गंधकाच्या जातीची. तिला हवेतली ओल लागली की सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. त्यामुळं कारखान्यातली हवा अगदी कोरडी ठेवावी लागते, आणि तो खर्च मालावर येतो.

टोयोटासारख्या कंपनीनं गाडीसाठी २०२७-२८ चं लक्ष्य ठेवलंय. मग आपल्या पंपात ती आत्ताच आठशे रुपयांत कुठून आली?

आणि घन म्हणजे पेटतच नाही, हेही खरं नाही. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये दोन इलेक्ट्रिक बस जळाल्या आणि त्या प्रकारच्या १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढल्या. त्यांच्या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट घन पॉलिमरचाच होता.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, मला ती बॅटरी पाहिजे. मे महिन्यात आपलं पत्र्याचं शेड भट्टीसारखं तापतं, उष्णतेनं पातळ इलेक्ट्रोलाइटची बॅटरी लवकर म्हातारी होते. उष्णता सोसणारी घन बॅटरी गाडीवाल्याइतकीच आपल्यालाही लागेल. पण ती येईपर्यंत नुसत्या नावाचे पैसे देऊ नका. आज हाताशी आहे ते वापरा:

१. लेबल वाचा. १२.८ व्होल्ट असेल तर ती बहुतेक लोह फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. ११.१ असेल तर दुसऱ्या जातीची, ती जास्त भडकते. एलएफपी त्या मानानं शांत, पण आत द्रावण तेच पेटणारं.

२. चार्जर ज्याचा त्यालाच. ११.१ वाली १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४ च्या वर जातो. तो तिला लावू नका.

३. फुगलेली, चेपलेली, भिजलेली बॅटरी चार्ज करू नका. फवारून आल्यावर आधी सावलीत थंड होऊ द्या.

४. कापूस, कडबा, डिझेल असेल त्या खोलीत चार्जिंग नको. रात्री झोपेत तर नकोच.

कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रातले जे साहेब हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. पंपाच्या प्रात्यक्षिकात तुम्ही नोझल दाखवता, दाब दाखवता. बॅटरी कोणत्या जातीची आहे आणि ४५ अंशात तिचं काय होतं, तेही एकदा दाखवा. बियाण्याच्या पिशवीवर वाण छापलेला असतो, तशी बॅटरीची जातही पंपावर मराठीत छापलेली पाहिजे.

मी चार्जिंगचा प्लग आता बाहेर ओट्यावर घेतलाय, दीडशे रुपयांची वायर लागली. तुमचा पंप आज कुठल्या खोलीत लावलाय, तेवढं उठून बघून या.