हात आणि हाक

मूल साधारण वर्षाच्या सुमारास चालू लागते. विवेक मात्र त्याच्या कितीतरी मागून येतो. या दोहोंमधील काही वर्षे आईबापांच्या कसोटीची असतात. दोन वर्षांचे मूल हात सोडवून पळत सुटते. मागून येणारी हाक त्याला खेळाचे आमंत्रण वाटते आणि आपण जितक्या वेगाने पाठलाग करावा तितके ते खिदळत पुढे धावते. घरातील वडीलधारी मंडळी 'पोर द्वाड निघाले' असा निकाल देऊन मोकळी होतात. आम्हांस हा निकाल मान्य नाही. एवढ्या लहान वयाच्या धावण्यात बंडखोरीपेक्षा कुतूहलच अधिक असते. रस्ता, विहीर, गर्दी यांचा धोका जाणण्याइतकी समज त्या वयात नसते. वाहन किती वेगाने येत आहे याचा भरवशाचा अंदाज तर आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही नेहमी करता येत नाही. तेव्हा राखण करणे हे आधी आपले काम आहे.

पवित्र शास्त्रात मूल हरवल्याची एक हकीकत आहे, ती आपण सर्वांनी बालपणापासून ऐकलेली आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफ आणि मरीया वल्हांडण सणाहून नासरेथास परत निघतात आणि बारा वर्षांचा येशू यरुशलेमेतच मागे राहतो. तो सोबतच्या वाटसरूंत असेल या समजुतीने ती दोघे एक दिवसाची वाट चालून जातात. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोध सुरू होतो आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. ही आईबापे निष्काळजी नव्हती. दरवर्षी न चुकता सणाला जाणारी ती देवभीरू माणसे होती. परंतु मुलाभोवती आपली माणसे पुष्कळ असली, म्हणजे ते सुरक्षितच आहे असा ग्रह होतो. आजही मुले अनेकदा परक्यांच्या गर्दीपेक्षा आपल्याच गोतावळ्यात नजरेआड होतात.

रविवारची उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारात काय घडते ते पाहावे. पाळकसाहेबांना सलाम, आजाऱ्यांची चौकशी, लग्नाच्या तारखा अशा गप्पा रंगतात. आई समजते, मूल बाबांजवळ आहे. बाबा समजतात, ते मावशीच्या कडेवर आहे. फाटक उघडे आणि पलीकडे रहदारीचा रस्ता! यावर उपाय साधा आहे. मूल एकाकडून दुसऱ्याकडे देताना मोठ्याने सांगावे, 'आता हा तुमच्याकडे,' आणि समोरच्याने 'हो, माझ्याकडे' असे उत्तर द्यावे. उत्तर आल्यावाचून आपली जबाबदारी संपली असे मानू नये. घरी फाटकाची कडी मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच बसवावी. आपल्या सीमाभागातील जुन्या घरांच्या परसांत अजून विहिरी आहेत. त्यांवर भक्कम जाळी असावीच.

आता हाकेविषयी. 'थांब' हा एकच शब्द संकटाच्या वेळेसाठी राखून ठेवावा आणि त्याची सवय घरच्या अंगणात खेळातून लावावी. मूल पळत असता 'थांब' म्हणावे. ते थांबले की जवळ जाऊन शाबासकी द्यावी. दिवसातून पाच मिनिटे हा खेळ काही आठवडे चालू ठेवला, तर शब्द कानी पडताच पाय थबकू लागतात. तरीही रस्त्यावर या सवयीवर विसंबून हात सोडू नये. दुसरे असे, की आपण मुलाला बहुधा खेळ मोडण्यासाठीच हाक मारतो. 'चल घरी', 'चल झोपायला' एवढ्याचसाठी हाक येत असेल, तर मूल ती चुकवणारच. कधी केळे देण्यासाठी, कधी नुसते कुरवाळण्यासाठी हाक मारावी आणि पुन्हा खेळू द्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांस आता सांगावयाची आहे. पळालेले मूल परत आले किंवा सापडले, की पुष्कळ ठिकाणी आधी त्याच्या पाठीत धपाटा बसतो. भीतीचे रूपांतर रागात होणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण लहान मुलाचे मन शिक्षेची सांगड शेवटच्या कृत्याशी घालते. त्याने शेवटी काय केले? ते परत आले! अशा मारातून ते पळू नये हे शिकत नाही. परत जाऊ नये हे शिकते. मग कपाटामागे किंवा झुडपाआड दडलेले मूल आपल्या नावाचा पुकारा ऐकूनही गप्प राहते.

छडीविषयीचे नीतिसूत्र या ठिकाणी कोणी पुढे करील. शिस्त नको असे आमचे म्हणणे नाही. मुलाने हात सोडला, तर त्या दिवशी त्याला कडेवरूनच न्यावे, हीदेखील शिस्तच. परंतु उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील बाप, मुलगा अद्याप दूर आहे तोच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. मुलाचे बोलणे त्याने नंतर ऐकले. मंदिरात पुत्र सापडला तेव्हा मरीयेनेही आपली व्यथा बोलून दाखवली आणि असे का केलेस म्हणून विचारले. प्रथम जवळ घेणे, मग समजावणे, हा क्रम ख्रिस्ती घराने मोडू नये.

'पोलिसाला देईन', 'मी चालले, तू बस इथेच' असल्या धमक्याही टाकाव्यात. हरवलेल्या मुलाला ज्या पोलिसाकडे जावयाचे, त्याचीच धास्ती आपण त्याच्या मनात भरवून ठेवतो. त्याऐवजी असे शिकवावे: 'आम्ही दिसलो नाही तर होतास तिथेच उभा राहा, मदत लागली तर पोलिसाला, दुकानदाराला किंवा लेकुरवाळ्या बाईला सांग.' आईबाबांची पूर्ण नावे आणि फोनचा क्रमांक गाण्यासारखा पाठ करून घ्यावा. बेळगाव-खानापूरकडील मुलाला आपले नाव-गाव कानडीतही सांगता यावे. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुने गोवे येथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी मुलाचे त्या दिवसाच्या कपड्यांतील छायाचित्र घ्यावे आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवावी.

काही मुलांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी वयाच्या चार वर्षांनंतर निदान एकदा तरी घरातून वा अन्य सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले. अशा आईला 'वळण लावले नाही' असे म्हणणे क्रूरपणाचे होय. मंडळीतील चार डोळे त्या मुलावर आपणहून लक्ष ठेवतील, तर ती खरी सेवा ठरेल.

इतके करूनही मूल दिसेनासे झाले, तर एकाने त्याच जागी थांबावे आणि बाकीच्यांनी आधी विहीर, तळे, हौद, रस्ता पाहावा. माळे आणि कपाटे मागाहून. लवकरच ११२ किंवा मुलांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे. चोवीस तास थांबावे लागते हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या मे महिन्यात दिलेल्या आदेशानुसार, मूल बेपत्ता झाल्याच्या तक्रारीवर पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास सुरू केला पाहिजे.

होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात देव आपल्या प्रजेला हाती धरून चालावयास शिकवणारा पिता म्हणून दिसतो आणि त्याची दोरी प्रेमाची असते. आपण मुलाचा हात काही वर्षेच धरू शकतो. पुढे त्याला परत आणील ती हाकच. आणि त्या हाकेपाशी मार नसून माया आहे, ही खात्री त्याला आजपासून दिली पाहिजे.