घोड्यासाठी कायदा बदलणे राज्याच्या हाती आहे

जखमी घोड्याला कामाला जुंपले, त्याला बेदम मारले किंवा पेलवणार नाही इतके ओझे त्याच्यावर लादले, तर पहिल्या गुन्ह्याला दंड होतो दहा ते पन्नास रुपये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 साली झाला आणि ही रक्कम कित्येक दशके तशीच आहे. घोडा ठार मारला किंवा कायमचा जायबंदी केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कष्टकरी घोड्याचे रोजचे हाल त्याच्या कितीतरी अलीकडचे असतात. खोगिराखाली सोललेली पाठ, लंगडत मारलेल्या फेऱ्या, पाण्याविना उन्हात काढलेली दुपार, या सगळ्याची किंमत पन्नास रुपयेच. त्यात हे गुन्हे बहुतांशी अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना तपासही करता येत नाही.

नवा कायदा कशाला, आहेत ते नियम पाळले तरी पुरे, असे सांगितले जाते. याच कायद्याखालचे 1965 चे नियम खरोखरच चांगले आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, पाच तासांनंतर विश्रांती हवी, पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावू नये, तट्टूवर 70 किलोंहून अधिक ओझे नको. पण हे मोडले गेले, हे सिद्ध कसे करायचे? चार वाजता घोडा पाहणाऱ्या हवालदाराला तो सकाळी किती वाजता जुंपला होता, हे कळण्याची सोय नाही. घोड्याच्या कातडीखाली चिप असावी, तिच्या क्रमांकाला मालकाचे नाव जोडलेले असावे आणि फेऱ्यांची रोजची नोंद व्हावी. एवढे झाल्याशिवाय तासांचा कोणताही नियम न्यायालयात टिकणार नाही. युरोपीय संघात शिंगरांना चिप लावणे 2009 पासून बंधनकारक आहे.

याने गरीब घोडेवाला भरडला जाईल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच चिपचा आणि पशुवैद्यकीय तपासणीचा खर्च सरकारने उचलावा आणि जबाबदारी नोंदलेल्या मालकावर टाकावी, लगाम धरून चालणाऱ्या रोजंदारीच्या पोरावर नव्हे. सरळ बंदीच घाला, असे म्हणणाऱ्यांसमोर मुंबईचे उदाहरण आहे. उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये व्हिक्टोरिया या घोडागाडीची हौसेची सफर बेकायदा ठरवली, वर्षभराची मुदत दिली आणि त्यावर पोट असलेल्यांचे पुनर्वसन करायला सांगितले. मुंबईच्या रहदारीत तो निर्णय योग्यच होता. माथेरानचा प्रश्न निराळा. तिथे पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे माणसे आणि सामान घोड्यावरही जाते. घोडा जिथे कामाला राहणारच आहे, तिथे त्याचे काम मोजणे हाच उपाय.

केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये कडक शिक्षेचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला होता. त्याचा कायदा व्हायची वाट पाहण्याचे महाराष्ट्राला कारण नाही, कारण हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्याने 2017 मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून बैलगाडा शर्यतींना वाट करून दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये ती वैध ठरवली. शर्यतीत बैलाला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. शर्यतीच्या बैलासाठी पाच लाख आणि ओझ्याच्या घोड्यासाठी पन्नास रुपये, हा फरक एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात घोडे, खेचरे आणि गाढवे यांच्यासाठी तशीच दुरुस्ती मांडावी, गुन्हा दखलपात्र करावा आणि नोंदणीची सुरुवात माथेरानपासून करावी.