भिंत

वाटणी म्हटली की भाऊबंदकी आठवते. संगणकाच्या हार्ड डिस्कची वाटणी मात्र मी खुशीने केली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ संपला. आमच्या जुन्या यंत्राला विंडोज ११ पेलेना. म्हणून काय धडधाकट यंत्र भंगारात घालायचे? आईची सारी छायाचित्रे त्यात. प्रथम त्यांची प्रत बाहेर काढून ठेवली. मग विंडोजची जागा आक्रसून मोकळ्या ५० जीबींत उबुंटू लिनक्स बसवले. आता यंत्र सुरू करताच ग्रब नावाचा द्वारपाल विचारतो, कोणाकडे जायचे? चिरंजीवांचे जुने खेळ विंडोजकडे. इंटरनेट नि माझे लेखन लिनक्सकडे. एक पुरता निजल्यावरच दुसऱ्याला उठवावे. म्हणून विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही अर्धी झोप बंद केली. वाचकहो, भिंत घातल्याने घर मोडतेच असे नाही. कधी कधी त्यामुळेच ते टिकते!