लूना आणि तिचें गिऱ्हाईक

व्यापार हा केवळ देवघेवीचा मामला, त्यांत निष्ठेचें काय काम, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. एखाद्या मालास गिऱ्हाईक वर्षानुवर्षें कां धरून राहतें, आणि पुढें एके दिवशीं तें कां सोडून जातें, हें समजून घेण्यासाठीं आमच्या विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. ज्या अहमदनगरास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें, तेथें तयार झालेल्या एका लहानशा गाडीचा इतिहास या कामीं पुरेसा आहे. ती गाडी म्हणजे लूना होय.

नगरचे सुप्रसिद्ध पुढारी कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ पर्यंत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव हस्तीमल यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें १९७२ सालीं लूना बाजारांत आणली. त्या काळीं स्कूटर हवी असल्यास पैसे भरून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. लूनाचें इंजिन अवघें ५० सी. सी.चें, गिअर नाहींत, वजन हलकें, आणि पेट्रोल संपलेंच तर सायकलीप्रमाणें पायडल मारून घर गाठतां येई. शिक्षक, कारकून, गवळी, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, या सर्वांस सायकलीपुढची एक पायरी मिळाली. गाडी बिघडली तर गांवचा मिस्त्री ती झाडाखालीं उघडून दुरुस्त करी. पियूष पांडे यांनीं लिहिलेल्या जाहिरातीनें तिचें नांव घरोघरीं नेलें, हें खरें. तथापि जाहिरात माणसास दुकानापर्यंत नेते. पुन्हां त्याच दुकानीं आणण्याचें काम गाडीनेंच करावें लागतें.

पुढें काळ पालटला. १९८५ सालीं हिरो होंडाची सी. डी. १०० ही मोटरसायकल आली. तिचें चार स्ट्रोकचें इंजिन थोडक्या पेट्रोलांत लांबचा पल्ला गांठी. धुराविषयींचे सरकारी नियमहि उत्तरोत्तर कडक झाले, आणि दोन स्ट्रोकच्या इंजिनांस ते जड जाऊं लागले. अखेर लूनाचें उत्पादन बंद पडलें. २००८ सालीं कायनेटिक मोटर कंपनीचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्र समूहाकडे गेला.

मग मोपेडची गरजच उरली नव्हती काय? तसें म्हणतां येत नाहीं. तमिळनाडूंत होसूर येथें टी. व्ही. एस. कंपनीनें १९८० सालीं आपली ५० सी. सी.ची मोपेड काढली होती. २०१५ सालीं तिनें त्याच जातीच्या गाडीस चार स्ट्रोकचें, सुमारें १०० सी. सी.चें इंजिन बसविलें. आणि ती एक्सएल १०० आजहि दुधाचे कॅन व भाजीच्या पाट्या वाहत आहे. गिऱ्हाईक तेंच, गरज तीच, यंत्र मात्र नवें. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, जो गिऱ्हाइकाच्या गरजेची काळजी वाहतो त्याच्याकडे त्याची निष्ठा जाते. जुन्या उपकारांच्या बळावर ती मागतां येत नाहीं.

७ फेब्रुवारी २०२४ रोजीं लूना पुन्हां अवतरली, ती विजेवर चालणारी. हस्तीमलजींच्या नात सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीन कंपनीनें ती काढली. बॅटरी एकदां भरली म्हणजे गाडी ११० किलोमीटर जाते, असें कंपनीचें म्हणणें. आरंभींची किंमत सुमारें ७० हजार रुपये होती. पेट्रोलचा खर्च व धूर दोन्ही वांचतात, हें स्वागतार्हच आहे. परंतु विजेच्या गाडींत बॅटरी हाच महागाचा भाग. झाडाखालच्या मिस्त्रीस तो सहसा दुरुस्त करतां येत नाहीं, आणि वाटेंत बॅटरी रिती झाली तर कोणाकडून बाटलीभर पेट्रोल मागून भागत नाहीं. शिवाय खेड्यांतील वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. ज्या कुटुंबानें आपली शिल्लक अशा गाडींत घातली, त्यास पांच वर्षांनीं नवी बॅटरी मिळेल काय? सुटे भाग मिळतील काय? पाथर्डी-जामखेडकडील मिस्त्रीस हें नवें काम कोणी शिकवील काय? बापाच्या लूनाची आठवण मुलास एक गाडी घ्यावयास लावील. दुसरी गाडी मात्र तो या प्रश्नांच्या उत्तरांवरच घेईल.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं उद्यां कोणी दुकान घालतील, कोणी मिस्त्री होतील, कोणी कारखान्यांत अभियंते होतील. विक्री झाली कीं व्यवहार संपला, असें त्यांनीं समजूं नये. विकलेली वस्तु चालू ठेवण्याचें ओझें विकणाऱ्यानें उचलावें; आणि जे गिऱ्हाईक होतील त्यांनीं पैसे मोजण्यापूर्वीं वरील प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें लेखी घ्यावीं. असें घडेल तर या जिल्ह्यांत तयार झालेल्या मालास या जिल्ह्यांतच विश्वासाचें गिऱ्हाईक लाभेल, अशी आम्हांस उमेद आहे.