पावाचे यीस्ट पावालाच असू द्या

नाताळची वाइन घरी करण्याची प्रथा आपल्या कुटुंबांनी जिवापाड जपली आहे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते त्या बरणीत पडणाऱ्या चमचाभर यीस्टविषयी. काळी द्राक्षे निवडून घ्यायची, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन वाळवायची आणि मग या साऱ्या निगुतीवर पावाच्या यीस्टचे पाकीट रिते करायचे, याला काय म्हणावे?

‘आजीपासून असेच चालत आले आहे,’ हे ठरलेले उत्तर. परंतु ही परंपरा वाटते तेवढी जुनी नाही. दाणेदार सुके यीस्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्याच्या पावासाठी तयार झाले. त्याआधीच्या आज्यांपाशी ते पाकीट नव्हतेच. गोव्यातील पोदेर तर पीठ फुगवीत असत माडीच्या जोरावर! तेव्हा आजीची साक्ष काढताना जरा जपून.

पावाचे आणि वाइनचे यीस्ट एकाच जातीचे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, हे खरे. म्हणून गुणही एकच ठरत नाहीत. पावाचे यीस्ट थोड्या वेळात भरपूर वायू सोडावा यासाठी निवडलेले. मद्यार्क १०-१२ टक्क्यांवर गेला की ते बहुधा थकते. गाळ नीट बसत नाही, वाइन गढूळ राहते आणि घोटाघोटाला पावाचा वास येतो. त्यावर उपाय म्हणून काय, तर आणखी एक चमचा! त्याने वाइन कडक होत नाही, वास मात्र वाढतो.

वसई-मुंबईच्या उष्ण हवेला मला माँपेलिए येथे निवडलेले के१-व्ही१११६ हे वाण सर्वांत योग्य वाटते. ते ३५ अंशांपर्यंतची उष्णता सोसते आणि १८ टक्के मद्यार्कापर्यंत टिकते. शँपेनकडचे ईसी-१११८ही तितकेच चिवट, पण फळाचा सुवास फारसा खुलवीत नाही. द्राक्षे आंबट असतील तर ७१बी घ्यावे. मॅलिक आम्लाचा काही भाग तेच फस्त करते. ‘महाग पडते’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ५ ग्रॅमचे पाकीट सुमारे २० लिटरांना पुरते. चार घरांनी वाटून घ्यावे.

मात्र किलोभर द्राक्षे, किलोभर साखर आणि लिटरभर पाणी, असे माप धरणाऱ्यांपुढे कोणतेही यीस्ट हात टेकते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का मद्यार्क होतो. या मापात तर २० टक्क्यांहून अधिक मद्यार्काची साखर असते. तिथे पाव किलो साखर पुरे.