सातबाऱ्यावरची कोरी ओळ

जामसंड्याची आंब्याची पेटी वाशीला दलालाकडे जात होती, तोवर बागेला नाव असो वा नसो, कुणाचं अडत नव्हतं. आता तीच पेटी थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची, तर खोक्यावर काहीतरी छापावं लागतं. मग मुंबईहून आलेला मुलगा नावं सुचवू लागतो. त्यात एक ‘रॉयल’ असतं, एक ‘ग्रीन’, आणि शेवटी ‘फार्म्स’ हमखास. असल्या घरातली आजी काय म्हणेल, हे मालवणी माणसाला सांगायला नको : ‘‘सड्यावरची कलमां म्हणतत मां सगळे, मगे आणखी नाव कित्याक व्हया?’’

आजीचं चुकत नाही. कोकणात बिननावाची जमीन क्वचितच सापडते, आणि ते नाव बहुतेकदा जमिनीची जातकुळीच सांगतं. मळा म्हटलं की सखल, पाण्याची भातजमीन. कुणगा म्हणजे बांधाने वेढलेला भाताचा लहान तुकडा. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. देवगडची कितीतरी कलमं अशाच कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून उभी केलेली आहेत. ‘सड्यावरची’ या एका शब्दात ती सगळी मेहनत आली. बीपासून वाढलेल्या रायवळ आंब्यांचंही तसंच. शेंदऱ्या रंगावरून, शेप्या शेपूच्या वासावरून, खोबऱ्या चवीवरून. उलट खुद्द हापूसचं नाव 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं, असं मानतात. पहिलं कलम ज्याने बांधलं, त्याचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही!

खोक्यावर छापायच्या नावात सगळ्यात मोठा मोह ‘देवगड’ या शब्दाचा. पण नुसतं गावाचं किंवा प्रदेशाचं नाव एकट्याच्या मालकीचा ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यातच तशी अडकाठी आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कुणा एका बागायतदाराला नव्हे. नोंदणीकृत मालकांत जामसंड्यातलीच देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठही आहे. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची आणि सगळ्यांबरोबर ते नाव वापरायचं. ‘देवगड’ छापून परप्रांतातला आंबा खपवणारे इतके झाले, की 2025 च्या हंगामात जामसंड्याच्या सहकारी संस्थेने फळागणिक वेगळ्या कोडचं स्टीकर आणलं. कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पडताळला की आंबा कुणाचा, कुठल्या गावचा, ते कळतं.

म्हणजे ‘देवगड’ची राखण करायला संस्था आहे. राहतं ते आपल्या बागेचं नाव. तिथे ‘रॉयल’ कशाला? दहा पेट्यांत पाच पेट्या ‘रॉयल’च असतात, त्यांतली आपली कुठली हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? ‘सड्यावरची कलमं’ हे नाव ऐकणारा निदान विचारेल तरी, सडा म्हणजे काय हो? तिथून पुढचं सांगायला बागायतदाराला जाहिरातवाला लागत नाही.

सातबाऱ्यावर भूमापन क्रमांकाच्या जवळच ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक ओळ असते. सरकारने जागा ठेवली आहे, पण ती बऱ्याचदा कोरीच दिसते. खोक्याची छपाई टाकण्याआधी सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावरून 15 रुपयांत उतारा काढा आणि ती ओळ वाचा. कोरी निघाली, तर आजीला विचारा.